रेषेला लागलेला हात

प्रिय हर्षद,

काल विक्रोळीला तुमच्या घरी येऊन गेलो, हे तुझ्या आईने, नलिनीकाकूंनी सांगितलं असेलच. तू घरात नाहीस असं त्या म्हणाल्या, आणि तुझ्या चपला दारातच होत्या. त्यांना आणखी खोटं कशाला बोलायला लावायचं? चहा घेतला, दोन बटाटेवडे खाल्ले आणि मरोळला परत आलो. घरी ममाने मटण केलं होतं, तेही पोटभर जेवलो. ती सारखी माझ्याकडे बघत होती. तीन महिन्यांत मी असा जेवलो नव्हतो.

आधी बातम्या देतो. दुसऱ्या सीझनची प्रॅक्टिस शनिवारपासून सुरू झाली. नवी हेल्मेटं आली आहेत, जुन्यांसारखे कान पिळत नाहीत. कुंडलिकचं वजन चार किलोंनी वाढलंय आणि कोच त्याच्यावर बेहद्द खूश आहेत. जगात एवढा एकच खेळ असेल, जिथे कुंडलिक जाड झाला म्हणून त्याची पाठ थोपटतात. चेंडूला सगळे अजून नारळच म्हणतात, आणि आता कोचही म्हणायला लागलेत.

गेल्या वर्षी हे सगळं सुरू झालं तेव्हा आपल्याला काय कळत होतं रे? लीगचं पहिलंच वर्ष. अमेरिकन फुटबॉल खेळून महिन्याला पगार मिळणार म्हटल्यावर तुझ्या चाळीतल्या लोकांनी विचारलं होतं, फुटबॉल आहे तर हाताने का खेळता? कबड्डीतली बारा पोरं उचलून संघ केला, त्यात तू सगळ्यात चपळ. कोच अमेरिकेचे, इंग्रजी नाकातून बोलणारे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, म्हणून मला कॅप्टन केलं आणि नियम समजावून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात मारलं. कोच दहा मिनिटं बोलायचे, मी दोन वाक्यांत उरकायचो. टॅकल म्हणजे पकड. चार डाउन म्हणजे चार चढाया, तेवढ्यात दहा यार्ड पुढे जायचं. तुम्हाला लगेच कळायचं आणि कोचना वाटायचं, काय हुशार पोरं आहेत. तुम्ही मला मास्तर म्हणायला लागलात. खरं सांगू, मला ते फार आवडायचं.

जी ओलांडली की गुण मिळतात ती शेवटची रेषाही मी तशीच समजावली. नियमांच्या पुस्तकातलं ते पान अर्धंच वाचलं होतं, जेवायची घाई होती. मी सांगितलं, आपल्या मध्यरेषेसारखंच आहे, पकडीत अडकलात तरी हात लांब करून रेषेला लावा, सुटलात. कोणी शंका काढली नाही. शंका कशाला काढतील, सगळे जण लहानपणापासून तेच करत आलेले.

मग मुलुंडच्या मैदानावर फायनल. चार गुणांनी मागे, शेवटचे काही सेकंद. मी चेंडू तुझ्या हातात दिला आणि तू असा काही सुटलास की मी जागेवरच ओरडत राहिलो. रेषेजवळ त्यांच्या एकाने तुझा घोटा धरला. तू पडता पडता उजवा हात लांब केलास आणि रेषेला लावलास, अगदी झकास, तुझ्या बाबांनी, गुणाजीकाकांनी शिकवल्यासारखा. काका पहिल्या रांगेत होते. गिरणीच्या संघात दहा वर्षं कबड्डी खेळलेला माणूस, ते तर आधीच उभे राहून नाचायला लागले होते. पण नारळ तुझ्या डाव्या काखेत होता, रेषेच्या वीतभर अलीकडे. पंचांनी गुण नाकारले, आपण हरलो आणि सीझन संपला. हात नाही, चेंडू रेषेपार जावा लागतो.

त्यानंतर काका सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला रेषा कळत नाही त्याने मैदानात उतरू नये." तेव्हापासून ते तुझ्याशी बोलत नाहीत, हे मला काकूंकडून कळलं. एका खोलीत राहायचं आणि बापाने तोंड फिरवायचं, हे कसं सोसलंस रे तू?

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या ऑफिसात काय झालं ते तुला माहीत आहे. ज्याला साधे नियम समजत नाहीत तो पुढच्या वर्षी नको, असं मॅनेजर म्हणाले. कोचनी मला विचारलं, हर्षदला नियम सांगितला होता का? मी म्हणालो, "हो, सांगितला होता." तू समोरच उभा होतास. फक्त माझ्याकडे बघितलंस, एक शब्द बोलला नाहीस आणि निघून गेलास. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

पण तुला माहीत नाही ते वेगळंच आहे. माझी चूक मला फायनलच्या आठ दिवस आधीच कळली होती. दुसऱ्या दोन संघांची मॅच बघताना पंचांनी तसाच निर्णय दिला. मी घरी येऊन पुस्तक काढलं, राहिलेलं अर्धं पान वाचलं आणि घाम फुटला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगायचं ठरवलं. पण मैदानात पोरांनी 'आले मास्तर' म्हटलं आणि माझी जीभ उचलेना. म्हटलं, असा प्रसंग थोडाच येतोय. लाज वाटली, एवढंच कारण. त्या लाजेपायी मी तुझी वाट लावली.

चर्चमध्ये कन्फेशनला जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, मोकळा होईन. फादरनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे हर्षदला कोण सांगणार?" तरी महिना गेला. शेवटी शनिवारी सगळा संघ गोल करून बसला असताना मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, आधी मराठीत, मग कोचसाठी इंग्रजीत. मग माझी कॅप्टनशिप गेली. पहिले तीन सामने मी बाहेर. नियमांचं पुस्तक आता देवदत्तकडे आहे, तो शाळेत शिकवतो, पूर्ण पान वाचतो. आणि तुला सोमवारपासून बोलावलंय. मॅनेजरनी स्वतः तुझ्या नावाचं पत्र काढलंय, ते सोबत जोडलं आहे. काय सांगू यार, एवढं सगळं हातचं गेलं आणि मला इतकं हायसं वाटलं की मैदानातून रिक्षापर्यंत मी शीळ घालत गेलो.

तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. आणि एवढंच सांगायचं असतं तर काल काकूंकडे निरोप ठेवला असता, किंवा तुझ्या दाराबाहेर बसून राहिलो असतो. पण तोंडी सांगितलेलं काकांना पटणार नाही. मित्राला वाचवायला आलाय म्हणतील. म्हणून कागदावर लिहिलं आणि खाली सही करतोय. हे पत्र त्यांच्या हातात दे, चष्मा शोधून दे आणि ते वाचेपर्यंत तिथून हलू नकोस. काका, यापुढचं तुमच्यासाठी. हर्षदने त्या दिवशी तेच केलं, जे तुम्ही त्याला शिकवलंत आणि इथेही तेच चालतं असं मी त्याला सांगितलं. चूक माझी आहे. तुम्ही त्याच्याशी बोला.

तुझाच, आणि आता मास्तर नसलेला,
एल्रॉय