तळ्याकाठच्या घरचं पाणी

बाबा, त्या दिवशी सकाळी मी तुमची सायकल गोठ्याच्या आढ्यावरून खाली काढली. साखळीला तेल दिलं, दोन्ही चाकांत नव्या ट्यूब टाकल्या आणि हवा जरा कमीच भरली. सैल मुरमावर टणक चाक घसरतं, हे तुमचंच शिकवणं. बायको म्हणाली, "बस असून सायकल कायले?" मी म्हणालो, जामसांवलीला जाऊन येतो. तुम्हीही दर शनिवारी एवढंच सांगून निघायचात. ते अर्धंच खरं आहे, असं माय मरेपर्यंत मानत आली. मीही मानत आलो.

जामसांवलीचा रस्ता सरळ. सौंसरची सडक धरली की मारुतीच्या देवळापर्यंत फार वेळ लागत नाही. तुम्ही मात्र परत यायचात ते दिवस कलल्यावर. तुम्ही पाय धुवायला मागे गेलात की माय हळूच मडगार्डच्या आत बोट फिरवायची. सडकेची धूळ करडी असते, तिच्या बोटाला लागायचा लाल मुरूम. तसा मुरूम आपल्याकडे फक्त खिंडीच्या वाटेवर, पलीकडच्या तळ्याकडे जाताना. ते बोट माझ्यापुढे धरून ती म्हणायची, "तुया बापाची सायकल सीधी जात नाही." दुसरी गोष्ट छागलीची. हँडलला ती कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगल्याशिवाय तुम्ही निघत नव्हता. वाटेत गावं आहेत, कोणत्याही दारात तहानलेल्याला लोटाभर पाणी मिळतं. माय विचारायची, "पाणी वाहून नेता, कुठं वाळवंट लागते तुमाले?" तुम्ही खाली मान घालून जेवत राहायचात. एकदा मीच विचारलं. तेव्हा घास तसाच हातात धरून तुम्ही म्हणालात, "बापाले वाट पुसत नाही." त्यानंतर कितीतरी दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो, आणि तुम्हीही ते चालू दिलंत.

तुमच्या तेरवीला एक बाई आली होती. तोंडावर देवीचे वण, एका डोळ्यात फूल पडलेलं. ती आत आली नाही. गल्लीत उभ्या बैलगाडीच्या आडोशानं रडली आणि निघून गेली. मायनं तिला खिडकीतून पाहिलं, मग चुलीपुढे जाऊन पुऱ्या लाटायला बसली. पुढे तिनं तुमचा विषय कधी काढला नाही.

यंदा माझ्या थोरल्या मुलीला स्थळ आलं ते नेमकं त्या तळ्याकाठच्या गावचं. मुलगा तहसिलीत बाबू, घरी संत्र्याची बाग, माणसं आपल्याच समाजातली. मुलीनं त्याला पाहिलं आणि तेव्हापासून ती भांडी घासतानाही गुणगुणते. मीच अडून बसलो. बैठकीत त्यांच्याकडचं कोणीतरी सहज म्हणालं, मुलाची आजी येऊ शकली नाही, देवीत तिचा एक डोळा गेला, दुसरा आता वयानं गेला. माझ्या हातातला चहा तसाच निवला. मी त्या मुलाच्या कानांकडे पाहू लागलो. तुमच्या कानांच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या होत्या, माझ्याही तशाच आहेत. त्याच्या कधी तशा वाटत, कधी नाही. त्या बाईचा मुलगा, म्हणजे या मुलाचा बाप, तुमचा असेल तर तो माझा भाऊ. मग मी लेक देत होतो ती भावाच्या घरी. हे कोणाला विचारायचं? घरात मी पत्रिकेचं निमित्त पुढे केलं. बायको म्हणाली, "पत्रिका तर जुळली. तुमी कायची वाट पाहून राहिले?" मुलीचं गुणगुणणं थांबलं. मी रोज मारुतीपुढे बसून विचारत होतो, पण त्यानं काही सांगितलं नाही.

म्हणून त्या सकाळी दर्शन घेऊन मी तुमची वाट धरली. डांबर सुटलं की चाकाचा आवाज बदलतो. पहिल्या लहान तळ्यात शिंगाड्याचे वेल पसरलेले होते. तिथून चढ लागतो. वाट मुरमाची, मध्ये गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना गाड्यांच्या चाकोऱ्या. चाकोरीत चाक अडकतं, गवतावर दमछाक होते. खिंडीजवळ मी उतरलो आणि सायकल हातात धरून चढलो. तुम्ही उतरत होतात का, कोण जाणे. वर पोचलो तर पलीकडे डोंगरांच्या कुशीत मोठं तळं, काठाला पंधरावीस घरं. एवढा चढ माणूस उगाच दर शनिवारी चढत नाही, हेच तेव्हा मनात आलं.

मुलाची आई अंगणात तुरी पाखडत होती. मला पाहून पदर सावरत उठली. "भाऊ, तुमी सायकलीनं? या खिंडीतून?" तिनं पाण्याचा लोटा आणून दिला आणि हसली. "आमच्या बुढीचा एक मानलेला भाऊ असाच ये सायकलीनं. माझं लगन झालं तवा पाह्यला मी त्याले. दर शनवारी मारुतीचं तीर्थ आणे शिशीत, बुढीच्या डोळ्यात घालाले. पन आमच्या घरचं पाणी पेला नाही कधी. आंगणातच बसे, आपल्या छागलीतलं पे. लेकी-बहिनीच्या घरचं पाणी चालत नाही म्हणे. भर उन्हात ताक देलं तरी हात जोडे. आमी हासो त्याले."

मी विचारलं, "कुठला होता?"

"बुढीनं सांगतलं नाही कधी."

लोटा माझ्या हातातच राहिला. तेवढ्यात ओसरीवरच्या खाटेवरून आवाज आला, "त्या सायकलीची घंटी वाजव." मी वाजवली. म्हातारी आवाजाच्या दिशेनं वळून उठून बसली. मग म्हणाली, "तू त्याचा पोरगा. त्याचं न् माझं लगन ठरलं होतं, माहीत हाय तुले? मले देवी निंगाल्या अन् तुया आज्यानं मोडलं. तो बापापुढं बोलला नाही. मग लय वर्सांनी, माझा मानूस गेल्यावर, भाऊबीजेले आला अन् पाटावर बसला. म्हणे, ओवाळ."

"मायले काहून नाही सांगतलं?"

"मी म्हनलं होतं, सांग. म्हणे, कोन पतवन, कोनाले खरं वाटन?" ती हसली. "पतवलं असतं तुया मायनं? तू तरी कुठं पतवून राहिला? पे ते पाणी. आजून लेक देली नाही तू."

मी प्यालो. उतारावर ब्रेक न दाबता सायकल मोकळी सोडली आणि वाटभर हेच घोळवत आलो. ज्या घरी माणूस धनी म्हणून जातो, तिथं तो तहानलेला बसत नाही. मग वाटे, लोकांना दाखवायलाही कोणी तसं करील. पण इतका चढ चढून, उन्हाळ्याच्या उन्हात, वर्षानुवर्षं? आमच्यासमोर मात्र तुम्ही काहीच दाखवलं नाहीत. मायचं बोट लाल होत राहिलं, आणि तुम्ही जेवत राहिलात. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहितो आहे.

तुमची छागल कधीच कुजून गेली. मागच्या आठवड्यात पांढुर्ण्याच्या बाजारातून नवी आणली. मुलीनं विचारलं, "हे कायले, बाबा?" मी म्हणालो, लागते. काल तळ्याच्या पाळीवर ती भरून घेतली, त्यांच्या घरी गेलो आणि होकार दिला. मुलाच्या आईनं लोटा पुढे केला. मी हात जोडले, अंगणात बसलो आणि छागलीचं बूच काढलं. खाटेवरून म्हातारी विचारत होती, "पेला का तो?" कोणीतरी म्हणालं, "आपलंच पेऊन राहिला." मुलगा माझ्यासमोर उभा होता. आणि बाबा, पाणी पितापिता मी त्याचे कान आणखी एकदा पाहून घेतले.