मामंजींच्या नावाचं तळं

२१ जाने. ८३, शुक्र.
ह्यांचा जुना साहेब आला होता, नकाशाच्या ऑफिसातला. आता कॅनडात असतो. कामासाठी आलाय, शहराबाहेर जनाबियाला उतरलाय. लेकाने, श्रीकांतने, मला शिरा करायला लावला. साहेबाने टेबलावर नकाशा उलगडला. कॅनडातलं, पार उत्तरेकडचं एक तळं. वर्षातले बरेच महिने गोठलेलं. रस्ता नाही, उन्हाळ्यात विमान पाण्यावरच उतरतं. जुन्या नकाशात तिथे दोन तळी होती. ह्यांनी इथे आखातात, मनामाच्या ऑफिसात बसून, विमानातून काढून इकडे पाठवलेले फोटो बघून दाखवलं की मध्ये पाण्याची चिंचोळी वाट आहे, तळं एकच. म्हणून त्याला ह्यांचं नाव दिलं, म्हणाला.
चष्मा लावून वाचलं. लेक वासुदेव.
वासुदेव माझे सासरे.

२२ जाने.
पासपोर्टात मधलं नाव वडिलांचं. ऑफिसाने तेच धरलं, सगळे मिस्टर वासुदेव म्हणायचे. ह्यांनी कधी सुधारलं नाही. "हाक मारली की मीच जातो ना?" म्हणत.
मामंजींनी माझी वाचनालयाची पुस्तकं बंबात घातली होती. हे गेल्याची तार गावी पोचली तेव्हा म्हणाले, "तो बोटीत चढला तेव्हाच मला मेला." आता तेही गेले. आणि तळं त्यांना.

२५ जाने., मंगळ.
श्रीकांत : "आई, जाऊ दे ना. बाबांचं काय, आजोबांचं काय, घरातच राहिलं."
म्हटलं, मग दारावरच्या पाटीवर तुझ्याऐवजी तुझ्या बाबांचं नाव लावू. तू आत राहा.
दुपारी नेनेबाईंचा फोन. "वहिनी, अहो अख्खं तळं! मंडळात सत्कार करायचाय तुमचा." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ह्याच बाईंनी सूनबाईला बोलावलं, मला वगळून. तळ्यापुरती विधवा चालते.

२८ जाने., शुक्र.
श्रीकांतचा शाळेतला ॲटलास काढला. त्यात ते तळं नाहीच, ठिपकासुद्धा नाही. साहेबाने ठेवून दिलेल्या नकाशावर भिंग धरलं. वरचा भाग पसरट, दोन बेटं. खालचा लांबट, तिथून नदी निघते. मधली वाट केसाएवढी. ह्यांची रेघ अशीच बारीक यायची. भिंग बराच वेळ तिथेच.
मेधा, सूनबाई, म्हणाली, "साहेबांना सांगून टाका ना."
सांगायचं तर नाव घ्यायला हवं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. इस्पितळात नाव विचारलं तेव्हाही श्रीकांतने सांगितलं, मी नाही. आता म्हणतो, "मी नाही बोलणार. साहेब ओशाळा होईल. माझं काम अडकलंय त्याच्याकडे."
बापापेक्षा काम. बरं.

४ फेब्रु., शुक्र.
साहेब निरोप घ्यायला आला. मेधा चहा ओतत होती. मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि ह्यांचं नाव घेतलं. मोठ्याने. इथे लिहवत नाही. श्रीकांत उठून आत गेला.
साहेब म्हणाला, "हे कोण?"
इतकी वर्षं शेजारी बसून काम केलेला माणूस.
सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, मेधाने जोड दिली. त्याचा चेहरा पडला. नावं ठरवणाऱ्या कचेरीला कळवीन म्हणाला, पण अवघड आहे, नकाशे छापून झालेत. शिवाय तिथे मासे धरणाऱ्या लोकांची तक्रार आलीय. त्या तळ्याला त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नाव आहे. ते मानलं तर आपली दोन्ही नावं खलास.
मामंजी तरी जातील.
"काय म्हणतात ते लोक तळ्याला?" मी विचारलं.
साहेबाला ठाऊक नव्हतं. विचारलं नाही, म्हणाला.