पारा आणि मोहरी

अकोला, ३ एप्रिल १९३९
आले एकदाची! सासूबाईंचं तोंड अमरावतीतच राहिलं, यातच निम्मं सुख आलं. बायकांच्या दवाखान्यात नर्सची नोकरी, मागच्या दाराशी स्वतंत्र खोली, खाट, तिपाई, माठ. नवी म्हणून रात्रपाळी माझ्या गळ्यात पडली, पडू दे. गाव म्हणजे धूळ, सरकी आणि ‘काहून वो बाई’. माझ्या पुणेरी कानांना हे अमरावतीसारखंच इथेही बोळे घालूनच ऐकावं लागणार. कापूस तेवढा इथे मुबलक आहे.

५ एप्रिल
विटाळ कालच संपला, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलेलं आजपासून सुरू. झोपेतून उठलं की पाय खाली टाकण्याआधी थर्मामीटर जिभेखाली धरायचा. पारा सत्त्याण्णवच्या आसपास रेंगाळतो, मग एके दिवशी चढतो. मूल राहण्याचे दिवस त्या सुमाराचे. आणि चढलेला उतरलाच नाही, तर राहिलं समजायचं. मी रात्रभर जागी, म्हणून माझी सकाळ दुपारी होते, एवढंच.

सासूबाईंचा उपाय याहून सोपा आहे. धामणगावची एक मुलगी त्यांनी हेरून ठेवली आहे. दिवाळीपर्यंत माझी कूस उजवली नाही तर कमलाकांतांचं दुसरं लग्न. नवरा बी.ए., शाळेत मास्तर, आणि आईपुढे नंदीबैल! पारा चढला की तार करीन, पहिल्या गाडीने या, असं बजावून आले आहे. मला मूल हवं आहे. इतकं हवं आहे की लिहितानाही लाज वाटते.

११ एप्रिल
हिवरखेडची रुख्मिणी आज गेली. मूल आडवं होतं, आणि या शहाण्यांनी आधी अंगारे लावले, मग दवाखाना आठवला. मूल पोटातच राहिलं. सासरा नत्थुजी, चांगला जमीनजुमलेवाला, प्रेत नेताना मागच्या दारापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत मोहरी शिंपडत गेला. बाळंतपणात मेलेली बाई परत येते म्हणे. वाटेत मोहरी दिसली की वेचत बसते, आणि सगळी वेचून होईपर्यंत तिला पुढे पाऊल टाकता येत नाही.

झाडूवालीने दाण्यांना हात लावायला नकार दिला, म्हणून मीच केरसुणी घेतली. नत्थुजीने माझ्यापुढे हात जोडले. “झाडू नका बाई. पोर राहून गेलं ना तिच्या पोटात. त्याले ठेवाले जागा पाहत येईन माही सून.” मी म्हटलं, सून वेळेवर आणली असतीत तर मोहरी फोडणीला उरली असती. सगळे दाणे सुपात भरून चुलीत टाकले. छान तडतडले.

१४ एप्रिल
निजताना पारा झटकून ठेवला होता. उठले तर थर्मामीटर तिपाईवरच, पण ओला, आणि पारा चढलेला. मी तोंडात धरण्याआधीच! दाराला आतून कडी. उन्हाने चढला असेल. हे गाव म्हणजे भट्टी. ओला कसा झाला, ते माठालाच विचारायला हवं.

१८ एप्रिल
साडेअठ्ठ्याण्णव! खरोखर माझ्या तोंडातला. तार केली. उलट तारेने उत्तर आलं की पेपर तपासायचे आहेत, आईही नको म्हणते, पुढच्या महिन्यात बघू. नंदीबैल म्हणून मी बैलाचाच अपमान केला. खूप रडले.

उठताना जिभेखाली मोहरीचा दाणा होता. दवाखान्याची स्वयंपाकीण गबाळी आहे.

६ मे
पारा उतरत नाही. ताप नाही, दुखणं नाही. विटाळ चुकला.
आल्यापासून मी नवऱ्याचं तोंडही पाहिलेलं नाही.
रोज तोंडात एक दाणा. आता मी बाहेरचं काही खात नाही, तरी—

९ मे
पोट. कालपर्यंत नव्हतं. लुगड्याचा वेढा पुरत नाही.
इथल्या डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिलं. इतके महिने लपवलंत कसं, म्हणाल्या. मग पुन्हा चाचपून पाहिलं.
मूल आडवं आहे.

१० मे
बाजारातून शेरभर मोहरी आणवली. मी, पुण्याची चारुशीला, उंबऱ्यावर मोहरी टाकते आहे. हसा, नत्थुजी. आता रुख्मिणी आत येणार नाही—
पण ती बाहेर आहे कुठे?

त्याच दिवशी, दुपारी
कमलाकांत दाराशी आलेत. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तार केली. पेढे आणलेत म्हणे. हाका मारताहेत. आईही खूष आहे, म्हणतात.
दार समोर आहे. कडी काढायला उठले, पण मधे दाणे. ओलांडवत नाहीत. हात आपोआप खाली जातो. एक उचलते. अजून एक—
कळ आली. ओरडायला हवं. आधी एवढं वेचून—
कमलाकांत, दार फोडा—
नाही. थांबा वो. काहून घाई करता? थोडेच दाणे रायले. हे वेचले का मंग मी पोराले घेऊन