दुसऱ्यांच्या यादीतली कुसुम

प्रिय कुसुम,

दचकलीस ना? पंचवीस वर्षांच्या संसारात मी तुला या नावानं एकदाही हाक मारली नाही. घरात शुभांगी, पाहुण्यांत 'आमची मंडळी', आणि रागात असलो की नुसतं 'ऐकलंस का'. आज मुद्दाम कुसुम लिहितोय. गेल्या आठवड्यात मी भिवंडीच्या तहसील कचेरीबाहेर टायपिस्टच्या बाकड्यावर बसून शपथेवर लिहून दिलं, की कुसुम अनंत पाटील आणि शुभांगी विनायक भोईर ही एकच बाई होती. तू जाऊन सात महिने झाले, तेव्हा मला हे सुचलं. निदान ते तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र.

तो टायपिस्ट आपल्याकडचाच होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, बाई तं गेली ना? मंग आता दोन नावांचा काय उपेग हाय?" मी म्हटलं, तू टाईप कर. दुसरं काय सांगणार होतो त्याला?

झालं असं, की तू शिकवायचीस त्या कॉलेजात पाहणीची समिती यायची आहे. प्राचार्यांचा फोन आला, मॅडमचे छापून आलेले निबंध किती, कुठे आणि पुढे कोणी त्यांचा दाखला घेतला, याची यादी पाहिजे. मला यातलं काय कळतंय? आठ लूमचा मालक मी! कापडावर भिंग ठेवून इंचातले धागे मोजायला सांग, झोपेत मोजीन. शेवटी आपल्या ऋतुजालाच बसवलं. दुपारी लाईट आली तशी ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि मी बाजूला स्टूल घेऊन.

तिनं आधी शुभांगी भोईर टाकलं. पाच निबंध आले, आणि त्यांना दाखले देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पोरीचं तोंड एवढंसं झालं. आपली आई रोज चिखलात उतरायची, घरभर बरण्यांतून भाताचं बी ठेवायची, ते एवढ्यासाठी का, असं तिला वाटलं असणार. मग ती म्हणाली, "पप्पा, मामा दिघाशीहून फोन करायचा तेव्हा आईला कुसुम म्हणायचा ना? ते टाकून बघू?"

कुसुम, एकच निबंध आला. लग्नाच्या आदल्या वर्षीचा, खाडीकाठच्या राता भाताचं बी खाऱ्या पाण्यात कसं रुजतं त्याचा. आणि त्याच्याखाली नावं सुरू झाली ती संपेचनात. व्हिएतनाम, बांगलादेश, इजिप्त! जिथे जिथे समुद्राचं पाणी शेतात शिरतं, तिथल्या माणसांनी आपल्या निबंधाच्या शेवटी तुझं नाव घेतलंय. ऋतुजा एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होती. "पाटील यांनी आधीच दाखवून दिल्याप्रमाणे." एकानं तर तुला पुरुष समजून लिहिलंय. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मला मात्र उठून बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

तुला आठवतं ना आपल्या लग्नातलं ते ताट? भटजींनी अक्षर काढून दिलं, माझ्या आईनं नाव निवडलं, आणि मी अंगठीनं तांदळात 'शुभांगी' लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साखर वाटली. तू वाकून ताटाकडे पाहिलंस आणि हळूच म्हणालीस, "हा राता नाही, दुकानातला तांदूळ आहे." मी वर्षानुवर्षं मित्रांना हा किस्सा सांगत आलो, की आमची बायको बोहल्यावर तांदूळ तपासत होती. त्या तांदळाखाली कोण गेलं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आपल्या लूमवरचं कोरं कापड बाहेरगावी रंगायला जातं आणि दुसऱ्याचा छाप घेऊन बाजारात येतं. धंदाच तसा, मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण तुझ्यावरचा छाप मी स्वतः मारला होता, आणि वर हौसेनं.

तुला मार्गदर्शक म्हणून मान्यता हवी होती, तेव्हाचं सगळं आता पुन्हा पुन्हा आठवतं. गणेशपुरीच्या पलीकडच्या पाड्यावरची वनिता तुझ्या हाताखाली पीएचडी करायची म्हणून थांबली होती. तिच्या आजीला डोंगरावरच्या भाताची जेवढी नावं ठाऊक होती तेवढी कुठल्या पुस्तकात नव्हती, असं तू सांगायचीस. त्या दिवशी तू ती निळी साडी नेसून विद्यापीठात गेलीस आणि संध्याकाळी कागद तसेच घेऊन परत आलीस. समितीवाले म्हणाले, निबंध थोडे, आणि त्यांची दखल कोणी घेतलेली नाही. तू कुसुम पाटीलचा निबंध पुढे केलास, तर त्यांनी विचारलं, ही बाई तुम्हीच कशावरून? लग्नाचा नोंदणी दाखला आणा, आमची हरकत नाही.

आपलं लग्न कुठे नोंदलेलं होतं? आपल्या अंजूर गावात तेव्हा कोण नोंदवत होतं! तू फॉर्म आणलास. तुझ्यासोबत मी कचेरीत यायचं आणि सही करायची, एवढंच काम होतं. अर्धा दिवस गेला असता. मी म्हटलं, भात झोडून होऊ दे. मग म्हटलं, लूमवर सुताचा नवा बीम चढतोय. मग आईच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "मायेरचं नाव परत कोन लावतं? लोका बोलतील, नवऱ्यान सोरली."

आई जुन्या वळणाची. पण मी? त्या रात्री तू जेवणानंतर दाखल्यांची यादी माझ्यापुढे ठेवलीस. मी न वाचता नुसती पानं चाळून विचारलं, एवढ्या लोकांनी वाचलं हे? तू हसून म्हणालीस, "निम्म्यांनी न वाचताच नाव घातलं असेल, आपल्या लग्नपत्रिकेत भावकीची घालतात तसं. पण निम्म्यांनी तरी वाचलंय ना." आणि मग पुन्हा फॉर्मचं विचारलंस.

तेव्हा मी जे बोललो ते लिहायलाही हात धजत नाही. लिहितो. मी म्हणालो, "इतकी वर्षं चाललं, आता माझं नाव पुरत नाही का तुला?"

तू फॉर्मची घडी घातलीस आणि ताटं उचलायला गेलीस.

मान्यता आली नाही. वनिता दीड वर्ष थांबली, मग आश्रमशाळेत शिकवायला लागली. तू तिला एसटीत बसवून आलीस आणि घरी येऊन बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलत बसलीस. मला वाटलं, चला, विषय मिटला. पुढच्या वर्षी तर तुझं दुखणंच निघालं.

एक विचारू? रागावू नकोस. ज्या बाईनं एका बांधावरच्या बियाण्यावरून माझ्या चुलत्याशी भर शिमग्यात भांडण घेतलं, ती माझ्यापुढे का गप्प बसली? एकदा ताट आपटलं असतंस! दिघाशीला निघून गेली असतीस चार दिवस! मी मागून आलो असतो गं, मुकाट्यानं कचेरीत गेलो असतो. की तुला खात्री होती, मी येणार नाही म्हणून? हा प्रश्न मला फार छळतो. उत्तर तू देणार नाहीस, आणि मला ते ठाऊकही आहे.

परवा तुझ्या ट्रंकेत, पाचही निबंधांच्या खाली, तो फॉर्म सापडला. तू सगळा भरून ठेवला होतास. माझं पूर्ण नाव, आपल्या लग्नाची तारीख, दोन साक्षीदारांचे पत्ते. आणि खाली 'पतीची सही' लिहिलंय तिथे पेन्सिलनं छोटीशी फुली, माझी चूक होऊ नये म्हणून. एरवी मी चेकवरही भलत्या जागी सही करायचो, हे तुला माहीत होतं. फॉर्म हातात घेऊन मी ट्रंकेशी बसून रडलो. ऋतुजानं पाहिलं, ती पाणी ठेवून निघून गेली.

प्रतिज्ञापत्र मी स्वतः कॉलेजात नेऊन दिलं. तुमच्या विभागाच्या यादीत आता कुसुम पाटीलचा निबंध सगळ्यात वर आहे, पुढे कंसात तुझं दुसरं नाव. प्राचार्य कागद बघत राहिले. म्हणाले, एवढे दाखले असताना मॅडमना मान्यता कशी नाकारली? कुठे अडलं होतं? मला विद्यापीठावर ढकलता आलं असतं. मी सांगितलं, माझ्या सहीवर अडलं होतं. त्यांनी चहा मागवला.

वनिताला निरोप धाडला होता, ती रविवारी येऊन गेली. तिनं यंदा दुसऱ्या एका सरांकडे नाव नोंदवलंय, विषय तोच. तुझ्या वह्या आणि बरण्या मी तिच्या हवाली केल्या. फक्त काळ्या राताची एक बरणी ठेवून घेतली. आता तिला उशीर झालाच आहे, आणि तू शिकवलं असतंस तसं कोणी शिकवणार नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम तुमच्यावर रागावल्या न्हवत्या, काका." तुझीच पोर ती, खोटं बोलताना तुझ्यासारखीच खाली बघते.

आता एक शब्द देतो. ऋतुजाचं जमतंय. मुलगा चांगला आहे, माणसं आपल्यातलीच. मुलाच्या आईनं हसत हसत विचारलं, नाव कुठल्या अक्षरावरून ठेवायचं? बैठकीत बसलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ताट आमच्याकडून येईल, तांदूळही आमचा असेल, आणि त्यात ऋतुजाच लिहायचं. मंजूर नसेल तर चहा घ्या आणि मोकळे व्हा. माझी आई कोपऱ्यात बसली होती, तिनं मान खाली घातली पण अडवलं नाही. मंजूर झालं, कुसुम. ताटात तू ठेवलेला राता असेल. तू वाकून बघितलंस तरी नाव ठेवायला जागा मिळणार नाही.

हे शेवटचं पान मी तुझ्या त्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितोय. तो आता कुठल्याच खिडकीवर घेणार नाहीत, मी विचारून आलो. तरी पान उलटतो, आणि तू फुली केलीस तिथेच सही करतो.

विनायक अनाजी भोईर
(कुसुम पाटीलचा नवरा)