गुरुवारचा पाऊस

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मला तुमचा तो पत्र्याचा डबा आठवतोय. पंच्याऐंशीचा पावसाळा, गोंडपिपरीकडची आपली शाळा, मी सातवीत. तुम्ही भूगोल, विज्ञान, इतिहास शिकवायच्या, पण तुमच्या तासाला मोजल्याशिवाय सुटका नसे. भूगोलात पाऊस मोजा, विज्ञानात रोपाची उंची, इतिहासात सनावळीची वजाबाकी. गणिताचे सर कुरकुरायचे, की या बाई माझ्या विषयात नाक का खुपसतात. अंगणातल्या डब्यातलं पाणी रोज सकाळी पट्टीने मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. रोवणीसाठी, म्हणजे भाताची रोपं लावायला, मी पाच दिवस ब्रह्मपुरीकडे मामाकडे गेले. तिथे धो धो पाऊस. परत आल्यावर वहीतली पाच घरं रिकामी बघून मला कसंतरी झालं आणि मी तिथल्या पावसाच्या अंदाजाने आकडे ठोकून दिले. गुरुवारी, बारा मिलिमीटर. तुम्ही फळ्यावर आलेख काढला आणि वर्ग हसायला लागला, कारण त्याच गुरुवारी आपल्या गावची रोवणी पाण्यावाचून थांबली होती.

तुम्ही हसला नाहीत. "गुरुवारी पानी तू पाडला का वं? नाई मोजलं तं नाई मोजलं, असं लिव." एवढंच बोललात. मला मात्र रडू आवरेना.

आता मीही बाई आहे आणि फार थकले आहे. कुणाला वजाबाकी येते, कुणाला नाही, याची यादी वर पाठवायची असते. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी दुपारचा जादा वर्ग असतो. एक मुलगी रोवणीला गेली होती, महिनाभर शाळेत नव्हती. यादीतलं तिचं घर रिकामं ठेवलं असतं तर वरून दहा प्रश्न आले असते. कंटाळून मी 'येते' लिहिलं आणि यादी वर्गात वाचून टाकली. आज ती आली; यादीत काय लिहिलंय ते मैत्रिणींनी तिला सांगितलंच होतं. भूगोलाच्या तासाला नदीची पातळी कितीने उतरली ते विचारलं, तर ती बोटांवर अडकून बसली. तास संपल्यावर मी तिला जवळ बोलावून विचारलं, तुला वजाबाकी येते का गं? ती म्हणाली, "तुमीच तं लिवलं ना बाई, येते म्हून."

यादी उद्या तशीच जाईल. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी तिला हो म्हणाले.