पाच चिंचोक्यांची कॉफी

सोमवार, ३ नोव्हेंबर
आधी तारीख टाक, प्रेरणा. काल तारीख विसरलीस, परवा गॅसवर दूध विसरलीस. नातसून म्हणून मीच तुला पसंत केलं, हे तरी ध्यानात आहे का? वही माझी, मी सांगायचं, तू लिहायचं. वाचायची फक्त मी. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित पक्कं.
विश्वजीतनं इथं शहरात, कॅनॉटच्या बाजाराच्या कोपऱ्यावर कॉफीची गाडी टाकली. गावी देवगाव रंगारीत लग्नाचा आचारी माझ्या जिभेला विचारल्याशिवाय पंगत बसवत नसे, म्हणून नातवानं मला बोलावून घेतलं. म्हणला, आजी, तू पास म्हणशील तोवर राहा. रोज एक एस्प्रेसो तपासायची, मार्क चिंचोक्यांत. ज्या दिवशी पाच पडतील त्या दिवशी मी गावी. तिथं शंभर कामं खोळंबलीत.
आज शून्य. बोटभर काळं पाणी, वर तांबूस फेस. लई कडू.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
एक. कडूच. विश्वजीत म्हणला, आजी, ती कडूच असते. म्हणलं, मग मला कशाला विचारतो?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
एक. आज कडूपणाच नाही. कॉफीचं दळण बारीक कर म्हणलं. पोरानं केलं. खात्री करायला दुसरा कप घ्यावा लागला.

बुधवार, १२ नोव्हेंबर
शेजारच्या चतुराबाईला गावी फोन केला. म्हणाली, कुलूप जागेवर आहे, तुमची मांजर आता माझ्याकडंच जेवते. बघ, घर कसं वाट बघतंय माझी.
आज तीन देणार होते. मग वाटलं, पोरगं शेफारेल. दोन.

रविवार, १६ नोव्हेंबर, दुपार
चिंचोक्यांचा ग्लास गाडीच्या पुढं मांडला. गिऱ्हाइकापासून काय लपवायचं? दोघा-तिघांनी विचारलं, हे काय? सांगितलं. ते पलीकडं चहाला गेले. झेबा म्हणून कॉलेजची पोरगी आहे, रोज येते. म्हणाली, दादी, इत्ती अच्छी तो है, कायकू सताते उसको? म्हणलं, बेटा, जीभ पिकायला सत्तर वर्षं लागतात.
ठरवलं. उद्यापासून जरा नरम. पण घाई नाही. संक्रांतीपर्यंत पास करीन. फार तर होळी.

शनिवार, २२ नोव्हेंबर
विश्वजीतनं सकाळपासून अकरा कप केले, अकरा ओतून दिले. मला विचारतो, नेमकं काय कमी आहे ते तरी सांग. म्हणलं, ते सांगता येत नसतं. रात्री अर्ध्या भाकरीवरच उठला. धंद्याचं डोकं आहे, विचार चालू असेल.
प्रेरणा, लिहिताना सारखं नाक ओढू नको. सर्दीला ओव्याची धुरी घे.

सोमवार, २४ नोव्हेंबर
मशीन विकली. फर्दापूरचा एक हॉटेलवाला दुपारी घेऊन गेला. विश्वजीत वाळूजला नोकरी बघणार. म्हणला, घरच्या माणसाला आवडत नाही, ती लोकांना कोणत्या तोंडानं पाजू?
मशीन जाण्याआधी शेवटचा कप दिला मला. बशीत ओतला नाही, तसाच घेतला. पाचही चिंचोके ग्लासात टाकले. एकदम टाकले, आवाज व्हावा म्हणून. म्हणलं, पास.
म्हणला, आजी, आता समजूत घालू नको.
थोड्या वेळानं म्हणला, पास झाली ना? मग ठरल्याप्रमाणं उद्या सकाळच्या एसटीत बसवतो.
माझं काय. मला जायचंच होतं. हे जाड अक्षरात लिही.

गुरुवार, ११ डिसेंबर, फोनवरून
ऐकू येतंय का? तारीख टाकलीस?
शंभर कामं पहिल्या दिवशी दुपारीच संपली. मांजर ओळख देत नाही. चतुराबाईचा चहा शून्य, नुसती साखर. विश्वजीतला विचार, आजीवर अजून... नको, विचारू नको. खोड ते.
तुमच्याकडं फडताळात वरच्या फळीला उरलेल्या कॉफीची पुडी आहे, मी बघितली होती. मशीन नाही तर पातेल्यात उकळीन. तपासायची राहिली आहे एवढंच, दुसरं काही नाही. स्टीलच्या डब्यात घालून एसटीनं पाठव, झाकण घट्ट लाव. साखर पाठवू नको.