तुझा मोठा मासा

दादा,

"पाऊस सरला, मासा चढला असेल, होडी तयार ठेव," असा तुझा निरोप आला. तुला लाज कशी वाटत नाही?

गेल्या वर्षी याच दिवसांत तू ह्यांना नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर जाळं टाकायला उतरवलंस आणि स्वतः होडीत गळ टाकून बसलास. भरती लागली. हे हाका मारत होते. पण तुझ्या गळाला मोठा मासा लागला होता, म्हणून तू त्याच्यामागे होडी नेलीस. पाणी ह्यांच्या हनुवटीला टेकलं, तेव्हा कुठे माणसं पलीकडे नेणाऱ्या तरवाल्याने त्यांना ओढून वर घेतलं.

किनाऱ्यावर हे थरथर कापत होते आणि तू मासा उचलून मला म्हणालास, "फोटो काढ गं, अजून जिवंत आहे!"

तेव्हापासून हे पाण्यात पाय घालत नाहीत. आता जाळं मी टाकते, तेव्हा चूल पेटते. तरी काल म्हणाले, "येऊ दे गं. तुझ्या सख्ख्या भावाला नाही कसं म्हणायचं?"

म्हणूनच हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तू रडत माफी मागशील आणि हे भोळे सांब लगेच माफ करून मोकळे होतील. तुला फोनवर एवढंच सांगेन, यंदा नदीला मासा नाही.

नाइलाजाने तुझीच,
बहीण